लामूला कुठलं हॉटेल घ्यावं? आधी महिना, मग जागा, मग खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची सहा मोठी माणसं, त्यात सत्तरीचे आई-वडील. आईंचे गुडघे दुखतात, तिघं शाकाहारी आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत केनियात सफारी करायची आणि शेवटच्या पाच रात्री लामू बेटावर काढायच्या. तुम्ही तीन हॉटेलं निवडली आहेत: एक लामू गावातलं जुन्या दगडी घरातलं, एक त्याच बेटावरच्या शेला गावात आणि एक समोरच्या मांडा बेटावर. फोटो तिन्हींचे देखणे, दरही आसपासचे, मग घ्यावं कुठलं?

अडचण अशी की फोटोवरून इथे काहीच ठरत नाही. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, खारफुटीच्या वाशांचं छत, भिंतीतले कोनाडे, मच्छरदाणीचा पलंग हे तिन्हीकडे असणारच. पाच रात्री सुखाच्या जातील की नाही ते ठरतं वारा कुठून येतो, ओहोटीला समोर पाणी उरतं की चिखल, आणि पलंगापर्यंत किती पायऱ्या चढायच्या यावर. हॉटेलच्या संकेतस्थळावर नेमकं हेच नसतं.

सगळ्यात आधी महिना. केनियाच्या किनाऱ्यावर मोठा पाऊस एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत पडतो आणि मे त्यातला सर्वांत ओला. शेलातली बरीच छोटी हॉटेलं मे-जूनमध्ये बंदच असतात. त्या काळात झावळ्यांची छपरं बदलतात, भिंतींना चुना लागतो, नोकरमंडळी घरी जातात. जी उघडी राहतात ती दर उतरवतात, आणि तुम्हाला तिन्हींचे दर जवळजवळ दिसले त्याचं कारण बहुधा हेच. त्या दिवसांत समुद्र खवळलेला, शिडाच्या होड्या किनाऱ्याला लावलेल्या, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना अंगावर पाणी. सफारीचंही तेच, मे महिन्यात कच्चे रस्ते चिखलात जातात. शाळेच्या सुट्टीचं बंधन तुम्हाला नाही, मग मे धरून ठेवू नका.

वर्ष इथे दोन वाऱ्यांवर चालतं. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून ‘कस्काझी’ वाहतो, तेव्हा पाणी स्वच्छ आणि दिवस गरम. एप्रिल-मे ते सप्टेंबर दक्षिणेकडून ‘कुसी’. जुलै-ऑगस्टला तो जोरात असतो, हवा गार राहते, पण खुल्या किनाऱ्यावर वाळू पायांना टोचते आणि लाटा मोठ्या. ऑक्टोबरात कुसी मंदावतो, समुद्र निवळतो आणि नोव्हेंबरचा छोटा पाऊस अजून आलेला नसतो. तुमच्यासाठी मी ऑक्टोबरच सुचवेन. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सुट्टी जमते, आणि मसाई मारा अभयारण्यात प्राण्यांच्या स्थलांतराचा शेवटचा भागही कदाचित मिळून जातो. ते जमलं नाही तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा. नाताळ, ईस्टर आणि ऑगस्ट टाळा, दर चढलेले असतात. मार्चअखेरीस वारा पडतो आणि घामाच्या धारा लागतात, तेही नको.

एक गोष्ट पंचांगाबाहेरची. सध्या काही वर्षं रमजान जानेवारी ते मार्चच्या पट्ट्यात येतोय. हॉटेलात जेवण मिळतं, पण गावातल्या खानावळी दिवसा बंद, आणि स्वयंपाकी, नावाडी सगळे उपवासाला. त्या महिन्याच्या संध्याकाळी मात्र गावाला वेगळीच जान येते, त्यामुळे काहीजण मुद्दाम तेव्हाच जातात. आई-वडिलांसोबतच्या पहिल्या भेटीला मी तो महिना निवडणार नाही. रबी-उल-अव्वल या इस्लामी महिन्यात मौलिदीचा, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचा उत्सव असतो, तेव्हा गावात खोल्या मिळणं मुश्कील.

आता जागा. लामू गाव खाडीच्या काठी आहे, आणि ही खाडी लामू आणि मांडा या दोन बेटांमधली. काठाला बंधारा आणि बोटींची वर्दळ. पोहण्याजोगा किनारा तिथे नाही. 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं हे गाव, पूर्व आफ्रिकेतली सर्वांत जुनी आणि सर्वांत चांगली टिकलेली स्वाहिली वस्ती. गल्ल्या दोन गाढवं समोरासमोर आली तर अडतील इतक्या अरुंद, दारांवर कोरीव काम, 1821 मध्ये पूर्ण झालेला किल्ला मधोमध. जुन्या गावात मोटारी नाहीत, माल गाढवांवर आणि डोक्यावर. शेणही आहे आणि उघडी गटारंही, ते फोटोत येत नाही. इतिहासासाठी दोन रात्री इथे काढाव्यात असं माझं मत आहे, पण तुम्हाला किनारा हवा आहे आणि इथून किनाऱ्यावर जायचं म्हणजे दर वेळी बोट किंवा सुमारे 3 किलोमीटरची, पाऊण तासाची चाल. भरतीला काठावरची वाट काही ठिकाणी पाण्याखाली जाते. आईंसाठी हे नाही.

शेला त्याच बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे. छोटं, धार्मिक वळणाचं गाव, 1829 ची जुम्मा मशीद, वाळूच्या गल्ल्या. पाण्यालगत 1967 पासून चाललेलं पेपोनी हॉटेल हे इथलं सर्वांत जुनं नाव, त्याच्या मागे उतारावर घरांची रांग. गाव संपलं की सुमारे 12 किलोमीटरचा मोकळा किनारा सुरू होतो. सांगायचं ते असं की हा किनारा पोहायला सगळीकडे सारखा नाही. गावाजवळचा पहिला तुकडा मांडाच्या टोकाच्या आडोशाला आहे म्हणून त्यातल्या त्यात शांत. पुढे आडोसा सुटतो, मोठ्या लाटा आणि ओढ लागते, जीवरक्षक कुठेही नाही. सावलीही नाही. बेट विषुववृत्तापासून जेमतेम सव्वादोन अंशांवर आहे, त्यामुळे साडेनऊनंतर ऊन डोक्यावर येतं. सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर जा. सूर्य वर्षभर सहा ते साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार पटकन पडतो.

मांडावरचं हॉटेल म्हणजे खाडीपलीकडचा शांत किनारा. पोहण्यासाठी तिघांत सर्वांत बरा, आणि तिथे मोकळ्या जागेत नव्याने बांधलेल्या इमारती असल्याने खोल्या ऐसपैस, जिने कमी. अडचण दोन. मांडावर गोडं पाणी जवळजवळ नाही, ते खारं शुद्ध करून किंवा बोटीने आणून पुरवतात, म्हणून नळाच्या पाण्याची चव आणि दर विचारून घ्या. आणि जेवणाशिवाय काहीही हवं असलं, औषध असो की गावातला फेरफटका, की बोट. हॉटेलची बोट दिवसात किती वेळा मोफत, शेवटची कधी, रात्री आणीबाणीत मिळते का, हे लेखी घ्या.

तिन्ही ठिकाणी भरती-ओहोटी विसरू नका. कोकणातल्या माणसाला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) समजावून सांगायला नको: इथेही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक 3 मीटरच्या वर जातो. उधाणाच्या भरतीला शेलाच्या काठची वाळू दिसेनाशी होते, लाटा घरांच्या पायऱ्यांना लागतात. ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात, बोट पार आतपर्यंत येत नाही आणि घोटाभर ते गुडघाभर पाण्यातून चालत उतरावं लागतं. वाकडा गुडघा, निसरडी बोट आणि लाट हे एकत्र आलं की सहलीचा सत्यानाश. म्हणून तुमच्या तारखांचं भरतीचं वेळापत्रक आधी काढा आणि हॉटेलला नेमकं विचारा: धक्का आहे का, ओहोटीलाही तो चालतो का? मांडावरचे ताकवाचे अवशेष, म्हणजे 15 ते 17 व्या शतकातली सोडून दिलेली वस्ती, बघायचे असतील तर खारफुटीतल्या ओढ्यातून बोट फक्त भरतीला जाते. वेळ चुकली तर परतीला चिखलात अडकाल, हे नावाडी सहसा आधी बोलत नाहीत.

आता खोली. गावातल्या आणि शेलातल्या जुन्या घरांबद्दल थोडं खोलात जाते, कारण गैरसमज इथेच होतात. भिंती प्रवाळी दगड आणि चुन्याच्या, अर्धा मीटर जाडीच्या. छत खारफुटीच्या वाशांवर तोललेलं असतं आणि वासा जेवढा लांब पोहोचतो तेवढीच खोली रुंद: साधारण अडीच ते तीन मीटर. लांबी हवी तेवढी वाढवता येते, रुंदी नाही. म्हणून ‘फॅमिली रूम’ म्हणून जी दाखवतात तिच्यात पलंग एकामागे एक लागतात आणि न्हाणीघर शेवटच्या टोकाला, म्हणजे रात्री कोणाला तरी कोणाच्या तरी उशाशेजारून जावं लागतं. सहा माणसांना तीन स्वतंत्र खोल्याच घ्या, तीन-तीन जणांच्या दोन नकोत.

खोल्यांची रांग अंगणाकडून आत आत जाते. सर्वांत आतली खोली पूर्वी घरातल्या बायकांची, सुरक्षित आणि अंधारी. दिसायला ती सर्वांत सुंदर, कोनाड्यांची अख्खी भिंत तिथेच असते, पण वारा शून्य. तळमजला गार खरा, पण हवा कोंडलेली आणि ओल चढलेली. वर गच्चीवर झावळ्यांच्या छपराखाली वारा भरपूर, पण डास, कावळे आणि पहाटेची अजानही तितकीच जवळ. शेलात पहिल्या रांगेतली घरं आणि मागच्या रांगेतली उंच घरं यांना वारा लागतो. मागच्या गल्लीतला तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

म्हणजे आईंचा गुडघा म्हणतो खाली, वारा म्हणतो वर. यातून मी निघते ती अशी: पहिला मजला, एकच जिना, एका बाजूला अंगण आणि दुसऱ्या बाजूला खाडीकडे उघडणारी खिडकी. जिन्याचा फोटो मागवा. हे लोक सहसा पाठवत नाहीत, मागितला की पाठवतात. जुन्या घरांत एकेक पायरी 20–25 सेंटीमीटर उंच आणि असमान असणं नवल नाही, कठडा एकाच बाजूला किंवा नाहीच. लिफ्ट कुठेच नाही. आणि हे विचारायला विसरतात: जेवण कुठल्या मजल्यावर? बहुतेक घरांत नाश्ता आणि जेवण गच्चीवर वाढतात. खोली पहिल्या मजल्यावर मिळूनही दिवसातून तीनदा गच्ची चढायची असेल तर काय उपयोग? खाली अंगणात वाढाल का, असं आधीच लिहून घ्या. आनंदाने वाढतात.

एसीबद्दल. जुन्या खोल्यांना काचेच्या खिडक्या नसतात, लाकडी झडपा असतात, म्हणून एसी लावून उपयोग नाही. लावलाच तर चुन्याची भिंत घाम गाळते. पंख्यावर भागतं, पण पंखा मच्छरदाणीच्या बाहेर छताला असेल तर दाट जाळीतून वारा आत येत नाही. जाळीच्या आत पंखा आहे का, किंवा टेबलफॅन मिळेल का, हे विचारा. वीज जाते, तेव्हा पंखा इन्व्हर्टरवर चालतो की रात्री दहाला जनरेटर बंद होतो, तेही. एसीशिवाय झोपच येत नसेल तर सरळ मांडा घ्या.

फोटोत भिंतीचा खालचा मीटरभर भाग न्याहाळा. तिथे रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर चुन्याच्या जागी सिमेंटचा गिलावा मारलेला असण्याची शक्यता मोठी. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं, मग आतलं मीठ गिलावा फोडून बाहेर येतं आणि खोलीला कुबट वास सुटतो. ज्यांनी चुनाच ठेवला आहे ते मालक बाकीच्या गोष्टींतही काळजी घेतात, असा माझा अनुभव.

पाण्याचंही तसंच. शेलामागच्या वाळूच्या टेकड्यांत पावसाचं पाणी मुरतं आणि लामू गावाच्या विहिरींना तेच पुरतं. उपसा वाढला की खारेपणा चढतो. त्यामुळे पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल निवडताना मी जरा अडखळते, आणि त्या टेकड्यांवर नव्याने उभं राहिलेलं काही असेल तर पाठवतच नाही. आंघोळीचं पाणी मचूळ लागलं तर हॉटेलवर चिडू नका. पिण्यासाठी वेगळं शुद्ध पाणी खोलीत ठेवतात.

इतकं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी शेला म्हणणार, आणि म्हणणारच आहे, पण हॉटेल नाही. तुम्ही सहा जण आहात. शेलात तीन ते पाच खोल्यांची आख्खी घरं स्वयंपाकी आणि मदतनीसासह भाड्याने मिळतात. सहा माणसांत वाटलं तर चांगल्या हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा सहसा महाग पडत नाही, आणि शाकाहाराचा प्रश्न सुटतो. बाजारहाटाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे: तुम्ही रोज सकाळी पैसे देता, स्वयंपाकी भाजी आणतो, हिशोब दाखवतो. भाड्यात काय आलं आणि काय नाही (कपडे धुणं, जनरेटरचं इंधन, पिण्याचं पाणी, विमानतळावरची बोट), हे विचारा. शेवटच्या दिवशीची बक्षिसी सगळ्यांत मिळून एकत्र देतात.

स्वयंपाक्याला नुसतं ‘व्हेजिटेरियन’ सांगू नका. मासे नकोत, मटण-कोंबडी नको, त्यांचा रस्साही नको, असं मोडून सांगा, नाहीतर भात माशाच्या पाण्यात शिजून येतो. मग नारळाच्या दुधातली तूर म्हणजे ‘म्बाझी’ आणि सकाळी त्यासोबत वेलचीचे तळलेले ‘महामरी’, नारळातला राजमा, पालेभाजी, चपाती, नारळी भात अशी चंगळ होते. भाज्या मुख्य भूमीवरून बोटीने येतात, म्हणून फ्लॉवर-मटारसारखं काही हवं असलं तर आदल्या दिवशी सांगा. दारू गावात मोजक्याच ठिकाणी मिळते. भाड्याच्या घरात आणायची असेल तर मालकाला विचारून.

पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच. गल्लीत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही हे लागू. बुईबुई (अंगभर काळा बुरखा) घातलेल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत.

जाण्याबद्दल थोडंच. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. लामूची विमानं मांडावर उतरतात, तिथून बोटीने दहा-पंधरा मिनिटांत शेला. काही कंपन्या नैरोबीच्या मोठ्या विमानतळावरून उडतात, काही विल्सन या वेगळ्या विमानतळावरून. विल्सनच्या छोट्या विमानांत सामान हातातल्या पिशवीसकट 15 किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक सुटकेस तिथे अडते आणि शेलाच्या वाळूत चाकं फिरतही नाहीत, ती शेवटी गाढवाच्या पाठीवर जाते. जास्तीचं सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवा. परतीची लामू–नैरोबी आणि नैरोबी–मुंबई विमानं एकाच दिवशी जोडू नका, मध्ये एक रात्र सोडा.

नकाशा बघून दक्षिणेकडच्या मालिंदी शहराहून रस्त्याने जायचा मोह होईल, तो करू नका. मुख्य भूमीचा तो पट्टा सोमालियाच्या सीमेकडचा आहे. 2011 मध्ये या द्वीपसमूहातून परदेशी लोकांची अपहरणं झाली होती आणि 2014 मध्ये मुख्य भूमीवरच्या म्पेकेतोनी गावावर हल्ला. विमानानेच जा, आणि तिकिटं काढण्याआधी सरकारी प्रवास-सूचना ताज्या वाचा, विमाही त्यावर अवलंबून असतो. विम्यात हवाई रुग्णवाहिका हवीच. लामू गावात किंग फहद रुग्णालय आहे, पण गंभीर काही झालं तर मोंबासा किंवा नैरोबी गाठावं लागतं.

एटीएम लामू गावात, शेलात त्यावर विसंबू नका. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, खाऊ बांधताना कापडी पिशव्या घ्या. प्रवेशासाठी ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते, ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, तसंच दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत.

राहिलं पीतज्वराचं. केनियातून भारतात परतताना लस घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. एक डोस आयुष्यभर चालतो, पण साठीपुढच्या माणसांना ही लस डॉक्टर विचारपूर्वकच देतात, म्हणून आई-वडिलांना घेऊन आधी डॉक्टरकडे जा आणि मगच पैसे भरा. किनारा हिवतापाचा आहे, गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. डॉक्टर नाही म्हणाले, तर आई-वडिलांना सूट मिळवायचं प्रमाणपत्र कसं निघतं ते लसीकरण केंद्रातच कळेल. आईंना एका दमात किती पायऱ्या चढवतात आणि तारखा काय ठरतात ते इथे लिहा, म्हणजे शेलातलं घर कुठल्या रांगेतलं बघायचं ते सांगता येईल.